मामांच्या कानाची सरासरी

परवा शनिवारी मामांना घेऊन कानाच्या मशीनच्या दुकानात गेलो होतो. (दुकानच म्हणतो. पाटीवर 'क्लिनिक' होतं, पण आत एसी, सोफा आणि ईएमआयचा तक्ता होता.) मामा तोफखान्यात हवालदार होते. २२ वर्षं नोकरी, आता साताऱ्याजवळ गावी असतात. काउंटरवरच्या मुलाने तीन डबे मांडले. स्वस्तातली जोडी चाळीस हजार, मधली एक लाख दहा, आणि "सर, ही आमच्याकडे सगळ्यात जास्त जाते" ती दोन लाख साठ हजार. मामांनी आकडा ओठांवरूनच ओळखला असावा. म्हणाले, "चल रे. म्हशीलासुदिक एवढं पडत नाय."

हसलो दोघंही. पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं, आणि हा त्याचाच परिणाम.

आधी थोडं तांत्रिक. डेसिबल हे माप लॉगरिदमिक असतं. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास चालतो असं मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रायफलच्या एका बाराचा आवाज १४० च्या वर जातो. तोफेचं तर बोलायलाच नको. १९९९ साली कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेट डागली. आपण ती टीव्हीवर पाहिली, व्हॉल्यूम आपल्या हातात होता. तोफेशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो नव्हता. आतल्या कानात ज्या केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. बॅकअप नाही, रिस्टोअर नाही.

आता खरी गंमत. या प्रकारचा बहिरेपणा सगळा आवाज सारखा कमी करत नाही. तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. स्वर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, त, थ, फ अशी व्यंजनं वर असतात, ती गळतात. 'सात', 'हात', 'भात' सगळं सारखंच. मामी विचारते "भात वाढू का?" आणि मामा सांगतात "धुतले की!" घरात हा विनोद दहा वर्षं चालू आहे. मामा स्वतः मात्र एकच वाक्य बोलतात: "ऐकू येतंय रे, कळत नाय." याच्याइतकं अचूक निदान मी कुठल्याही ब्रोशरमध्ये वाचलेलं नाही.

मामांचा ऑडिओग्राम समोर आहे. ५०० हर्ट्झला २०, १००० ला २५, २००० ला ४५ आणि ४००० ला ७५. सरासरी काढा: ४१. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकू कमी येणं' म्हणजे बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींमध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची तूट. म्हणजे मामा कायद्याने ठणठणीत!

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान आहे म्हणून कोणी प्रेझेंटेशन दिलं तर आपणच पहिला प्रश्न विचारतो, "पी९९ किती?" सरासरी ही त्रास लपवायची सगळ्यात सभ्य जागा आहे. त्यात 'दोन्ही कान' ही अट. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. त्यामुळे डावा कान बऱ्याचदा जास्त जातो. सैनिकाच्या कामाचा नमुनाच या व्याख्येत बसत नाही.

"पण योजना आहेत ना भरपूर?" आहेत की. २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, त्यात श्रवणयंत्र मिळतं. पण ती दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी. हवालदाराचं पेन्शन त्याच्या वर जातं. राज्याची २०२४ ची वयोश्री एकदाच ३ हजार रुपये देते, तिलाही उत्पन्नाची अट. म्हणजे मामा सरकारी मदतीसाठी श्रीमंत आणि दुकानदारासाठी गरीब. उरते ती ईसीएचएस, १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली माजी सैनिकांची आरोग्य योजना. योजना चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. सदस्य असाल तर डॉक्टरांच्या शिफारशीवर यंत्र मिळतं, ठरलेल्या किंमतीच्या मर्यादेत.

माझं भांडण त्या 'किंमत' शब्दाशी आहे. सगळा हिशोब डब्याभोवती फिरतो. श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे, की नंबर काढला, काच बसवली, संपलं. कानाचा साचा नीट बसायला हवा, नाहीतर शिट्टी वाजते. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती जोर द्यायचा ते ऑडिओग्राम बघून लावावं लागतं, आणि मग दोन-तीन फेऱ्यांमध्ये ट्यूनिंग. मेंदूलासुद्धा भांड्यांचा आवाज पुन्हा सोसायला काही आठवडे लागतात. ट्यूनिंग झालं नाही तर माणूस वैतागतो आणि मशीन कपाटात जातं, चाव्या आणि जुन्या बिलांच्या सोबतीला. नुसतं प्रॉडक्ट द्यायचं आणि सपोर्ट द्यायचा नाही, हे आपल्या क्लायंटने एक दिवस तरी चालवून घेतलं असतं का?

वर किंमत का एवढी, तेही बघा. आत माइक, स्पीकर, बॅटरी आणि एक चिप. बाकी सगळं सॉफ्टवेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ साठी श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर मंजूर केलं, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गची ओपनएमएचए ही श्रवणयंत्राची प्रणाली तर चक्क ओपन सोर्स आहे. तरी दुकानातल्या मशीनचं ट्यूनिंग कंपनीच्याच सॉफ्टवेअरने होतं, आणि काही साखळी दुकानं तर आपली मशीन लॉक करून विकतात, दुसऱ्याने हात लावायचा नाही. सातारच्या म्हाताऱ्याने एका स्क्रूइतक्या कामासाठी पुण्याला यायचं, ते यामुळे.

आता नेहमीचे दोन आक्षेप.

एक, "वय झालं की सगळ्यांनाच कमी ऐकू येतं." येतं. पण फौजेत घेताना ६१० सेंटिमीटरवरून कुजबुज ऐकू येते का ते तपासूनच घेतात. कान धड घेतले होते. आणि अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सांगितलंय: भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नंतर निघाला तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं, उलटं सिद्ध करायचं ते सरकारने. हेच तत्त्व कानाला लावा.

दोन, "परवडणार नाही." मग न देणं परवडतंय का? लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं आहेत, त्यात कमी ऐकू येणं अगदी वरच्या नंबरात आहे. मामा पारावर जायचे बंद झालेत. चार लोक बोलतात तिथे त्यांना लाज वाटते. याचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं?

मागण्या तीनच. तोफखाना, रणगाडा, पायदळ या लोकांचा भरतीच्या वेळी, दरवर्षी आणि निवृत्तीच्या दिवशी ऑडिओग्राम, आणि त्याची प्रत जवानाच्या हातात. यंत्राच्या किंमतीबरोबर साचा, बॅटऱ्या आणि ट्यूनिंगच्या फेऱ्या धरूनच मंजुरी. आणि सरकारी पैशाने घेतलेलं कुठलंही मशीन लॉक केलेलं चालणार नाही. घाई आहे, कारण २०२२ च्या मूळ अग्निपथ योजनेत चार वर्षांनी घरी जाणाऱ्या अग्निवीराला ना पेन्शन ना ईसीएचएस. तोफ मात्र त्याच्यासाठी आवाज कमी करत नाही.

आपण काय करू शकतो? ७ डिसेंबरला ध्वजदिनाचं तिकीट शर्टाला लावतोच. त्याच दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक फोन करा, गावाकडच्या एखाद्या रिटायर्ड काकांना पॉलिक्लिनिकला घेऊन जा, फॉर्म भरा. आपल्याला फॉर्म भरता येतात, त्यांना रांगेतला पुकारा ऐकू येत नाही. एवढं साधं आहे हे.

असो. मामा म्हणतात, "मला काय झालंय, मी येत नाय." मामीने परस्पर बॅग भरली आहे. सोमवारी सुट्टी टाकली आहे, ऑडिओग्राम घेऊन नंबर लावतोय. माझ्या मॅनेजरला कारण सांगितलं: कानाचं प्रॉडक्शन डाउन आहे, २२ वर्षांचा बग आहे :-)