तीस दिवसांचा हिशेब

कामाची माणसं

कोलकात्यात माझेरहाटला मेट्रोत बसून मी जोक्याकडे जातो तेव्हा वाटेतल्या तीन स्टेशनांवर बोडदा आठवतात. तारातलाला आमचा कारखाना, बेहाला चौरस्त्याला त्यांचं घर आणि ठाकुरपुकुरला कॅन्सरचं इस्पितळ. शेवटची दोन वर्षं त्यांनी याच डायमंड हार्बर रोडवर खेपा घातल्या. मेट्रोचे खांब उभे राहताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले, पण गाडी काही त्यांना मिळाली नाही. जोका ते तारातला या मार्गाचं उद्घाटन ३० डिसेंबर २०२२ रोजी झालं. बोडदा त्याच वर्षीच्या दुर्गापूजेनंतर गेले.

बोडदा म्हणजे बंगालीत थोरला भाऊ. टाइम ऑफिसात मस्टर सांभाळणारा हा माणूस साऱ्या कारखान्याचा बोडदा होता. ४ सप्टेंबर २०१८ रोजी माझेरहाटचा पूल कोसळला आणि बेहालाची शहराकडची मुख्य वाटच तुटली. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाजवळून येणारा मी रोज तासभर उशिरा पोचू लागलो. बोडदांनी पुलापलीकडून येणाऱ्यांची वेगळी यादी केली, साहेबांपुढे ठेवली आणि उशिरासाठी एकाचाही पगार कापू दिला नाही.

कोणी आजारी पडलं की ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कागद तेच भरायचे. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के. कॅन्सर, क्षय अशा ठरवून दिलेल्या ३४ आजारांत दोन वर्षांपर्यंत ऐंशी टक्के. सगळं तोंडपाठ. त्यांच्या स्वतःच्या आजारात मात्र यातलं काही कामी आलं नाही. २०१७पासून ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे आणि बोडदांचा पगार तिच्या थोडाच वर गेला होता. आधी शिल्लक रजा संपली, मग बिनपगारी सुरू झाली. हजार-दोन हजार रुपये जास्त मिळाले म्हणून कॅन्सरचा खर्च कोणाला झेपू लागत नाही. ज्याने वर्षानुवर्षं वर्गणी भरली, त्याला मर्यादा ओलांडल्यावरही वर्गणी भरत योजनेत राहता आलं पाहिजे.

आम्ही पैसे गोळा केले, रक्त दिलं, आळीपाळीने इस्पितळात बसलो. पण एक चूक केली. त्यांना त्रास नको म्हणून कामाचं काही विचारेनासे झालो. फोनवर फक्त जेवलात का, झोप लागली का. २०२१च्या पूजेआधी मी घरी गेलो, तेव्हा ते केमो घेऊन आडवे झाले होते. क्षीण आवाजात म्हणाले, "बोनसची यादी कोणी केली? मला दाखवलीसुद्धा नाहीत." मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "तब्येत सगळेच विचारतात. काम कोणी विचारत नाही. मी गेलो असंच धरलंत ना?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी यादी आणि मस्टर घेऊन गेलो. उशीला टेकून बसत, मधे मधे डोळे मिटून घेत त्यांनी दुपारभर एकेक नाव तपासलं. बोनसच्या कायद्याप्रमाणे वर्षात किमान तीस दिवस काम केलेलं असलं की हक्क लागू होतो. दोन नव्या पोरांचे दिवस आम्ही अठ्ठावीस धरून नावं वगळली होती. बोडदांनी मस्टरवर बोट ठेवलं. महिना बदलताना तीन दिवस मोजायचे राहिले होते. दिवस भरले एकतीस. दोघांनाही बोनस मिळाला. त्या दुपारी बोडदा किती तरी आठवड्यांनी पोटभर जेवले, असं वहिनी म्हणाल्या.

पुढे दर शनिवारी कोणी ना कोणी काही तरी विचारायला जायचं. अगदी शेवटच्या पंधरवड्यापर्यंत.

तुमच्याही कचेरीत एखादी खुर्ची आजारपणामुळे रिकामी असेल. भेटायला जाताना फळं न्या, पैसे लागत असतील तर तेही न्या. पण त्या माणसालाच ठाऊक असलेली एखादी कामाची गोष्टही विचारा. झेपेल तेवढंच तो सांगेल, थकला तर थांबेल. ते ठरवणं त्याच्यावर सोडा. आम्ही ते परस्पर ठरवलं आणि बोडदांचे कितीतरी महिने रिकामे घालवले. त्याची खंत मला आजही आहे.

त्या दोन पोरांपैकी एक जण आता टाइम ऑफिसात बसतो. बोनसची यादी झाली की सगळ्यात आधी तो वगळलेली नावं काढतो आणि त्यांचे दिवस पहिल्यापासून पुन्हा मोजतो.