नरक्याची साल आणि केमोची सलाईन

"डॉक्टर, केमो म्हणजे विषच ना? मग त्यापेक्षा झाडपाला काय वाईट?" हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा रुग्णाचा मुलगा नाहीतर जावई असतो आणि त्याच्या पिशवीत कुणीतरी दिलेली पुडी असते. मध्यंतरी एकाने पुडीत नरक्याची साल असल्याचे सांगितले, म्हणून आज या झाडाविषयी.

नरक्या आपल्या सह्याद्रीतलाच. फुलांना इतका घाण वास, की जुन्या शास्त्रीय नावातही 'फीटिडा', म्हणजे दुर्गंधी, हा शब्द आहे. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. ते प्रथम वेगळे केले गेले अमेरिकेत १९६६ साली, एका चिनी झाडातून. करणारे होते डॉ. मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी. (टॅक्सॉल हे दुसरे प्रसिद्ध औषधही याच जोडीचे. आपल्या किती शाळांत वाणींचे नाव सांगतात?) पुढे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात दाखवले.

ते करते काय? पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. डीएनए म्हणजे दोन पदरी, पीळ घातलेला दोर. काथ्याच्या दोराचे पदर मधूनच उलगडू लागा, पुढचा पीळ घट्ट होत जातो. पेशीत हे होऊ नये म्हणून टोपोआयसोमरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, एक पदर कापते, पीळ सैल होऊ देते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिनचा इवलासा रेणू नेमका सांधण्याच्या वेळी मध्ये अडकून बसतो. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, दोर तुटतो, पेशी मरते. हे १९८५ साली उलगडले.

कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून घाव त्यांच्यावर जास्त. पण आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळे इथल्या पेशीही भराभर दुभंगतात. १९७०च्या सुमारास हे द्रव्य मूळ स्वरूपाच्या जवळपास रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा जुलाब, लघवीतून रक्त, पांढऱ्या पेशींची घट असे प्रकार झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. १९९६ साली दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरतात.

आता पुडीकडे वळू. पुडीत खरोखर नरक्या असेल, तर शास्त्रज्ञांनी ज्या स्वरूपात सोडून दिले तेच द्रव्य आपण चमच्याने मोजून पोटात घालतो आहोत. नसेल, तर नुसती धूळ. दोन्ही प्रकारांत केमोची तारीख चुकते, आणि नुकसान तिथेच होते. विष म्हणायचे तर दोन्हीही विषच. पण रुग्णालयात उंची-वजन पाहून मात्रा ठरते, रक्त तपासून सलाईन लावतात, पांढऱ्या पेशी कमी असतील तर डोस पुढे ढकलतात. पुडीवाला यातले काय करतो? वर याच लाकडाच्या मागणीपायी घाटातली नरक्याची झाडे बेकायदा तोडली गेली, हे वेगळेच.

तरीही पुडी घेणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. परळच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा, राहण्याची गैरसोय, बुडालेला रोज. तिसऱ्या-चौथ्या डोसाला माणूस खचतो. औषधाचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो, प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा कोण देणार? केंद्राने २०२५च्या अंदाजपत्रकात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याचे जाहीर केले आहे. रत्नागिरीचा नंबर केव्हा, हे आपण लोकप्रतिनिधींना विचारत राहिले पाहिजे. गटाराच्या तक्रारीसाठी मोर्चा निघतो, यासाठी का नाही?

तोवर एवढे करा. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. इरिनोटेकॅननंतर जुलाब सुरू झाले, तर ते थांबवण्याच्या गोळ्या रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणे लगेच सुरू करा, मीठ-साखरेचे पाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. आणि पुडी घेतलीच असेल, तर आम्हाला सांगा. आम्ही रागावणार नाही. पुढचा डोस ठरवताना ते कळायला हवे.