दिवाळे की परतफेड?

कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या उद्योजकाला २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा वैयक्तिक भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. धनकोंनी मूल्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक मतांनी परतफेडीचा आराखडा स्वीकारला तर निभावते. फेटाळला तर दिवाळ्याचा अर्ज. दिवाळखोराला विश्वस्तपदही वर्ज्य! म्हणून आराखडाच श्रेयस्कर.

ऋणफेड हा आपल्याकडे धर्मच. परंतु त्याच धर्मशास्त्राने दामदुपटीचा दंडक घालून एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज घेण्यास सावकाराला मनाई केली, हे वसुलीवाले सोयीस्करपणे विसरतात. जामीनदार नसलेल्या सामान्य पगारदाराच्या वाट्याला मात्र अजूनही इंग्रजांचेच कायदे : मुंबईसारख्या जुन्या इलाखा-शहरांत १९०९ चा, अन्यत्र १९२० चा. संसदेने संमत केलेली सोय त्यालाच का नाकारावी?