दोष गाईचा की वळूचा?

गाय तीन वेळा फळविली आणि तिन्ही वेळा उलटली, की आपल्याकडे निकाल ठरलेला असतो: गाय वांझ! मग तिच्या गळ्यात बाजाराचा दोर पडतो आणि ज्या घराने तिला लेकीसारखी वाढविली ते घर डोळे पुसून मोकळे होते. परंतु या खटल्यात दुसराही एक पक्ष होता आणि त्याची चौकशी करावी, असे कोणाच्या मनातही येत नाही. तो पक्ष म्हणजे गावचा वळू. एकालाच आरोपी करून दिलेल्या या निकालाला न्याय म्हणावयास आम्ही तयार नाही.

वळू आपण निवडतो तरी कसा? चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत शिंगे पाहावयाची, वशिंड पाहावयाचे, रंग आणि चाल पाहावयाची, की सौदा झाला! खिल्लारचे रूप हा आमच्याही अभिमानाचा विषय आहे. पण वशिंडावरून बीजाची परीक्षा होत नाही. पूर्ण निर्बीज वळू एका हंगामात उघडा पडतो. खरा घात करतो तो अर्धवट बीजाचा वळू. त्याच्यापासून चार गाई गाभण राहतात, सहा उलटतात; चारांकडे बोट दाखवून त्याची अब्रू वाचते आणि सहांच्या कपाळी वांझपणाचा शिक्का बसतो!

या अन्यायावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. पशुवैद्य प्रथम वळूचे पाय, खूर, डोळे व दात पाहतो, कारण लंगडा वळू उत्तम बीजाचा असूनही निरुपयोगीच. मग तो वृषण चाचपून त्यांचा घेर फितीने मोजतो. शेवटी वीर्य काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. प्रचलित कसोटीप्रमाणे निदान ३० टक्के शुक्राणू नीट पुढे सरकणारे आणि निदान ७० टक्के निर्दोष आकाराचे असावे लागतात. घेराची परदेशी मापे मात्र आमच्या जातींना जशीच्या तशी लावू नयेत. वळूची इच्छाशक्ती सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ती माजावरच्या गाईपुढे वेगळी पाहावी लागते.

ही परीक्षा केव्हा घ्यावी, हेही महत्त्वाचे आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणून वैशाखाच्या उन्हाची झळ किंवा एखाद्या तापाचा परिणाम पुढे कित्येक आठवडे बीजात दिसत राहतो. म्हशींच्या माजाचा भर भाद्रपदापासून असतो. तेव्हा रेड्याची तपासणी ज्येष्ठातच झाली पाहिजे, म्हणजे नापास झालेल्यास दोन महिन्यांनी पुन्हा पाहता येईल. ऐन हंगामात तपासणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय! २०२२ साली लंपीची साथ गोठ्यागोठ्यांतून फिरली. त्या रोगातून उठलेला वळू तपासल्यावाचून गाईंत सोडणे हा तर शुद्ध अविचार होता.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? हिशेब सोपा आहे. गाईचा माज २१ दिवसांनी येतो. तीन वेळा उलटली म्हणजे ६३ दिवसांची वैरण वाया गेली आणि पुढचे वेत तितकेच लांबले. एका निकामी वळूच्या भरवशावर तीस गाई असतील, तर हे नुकसान १,८९० दिवसांचे होते. दुधाच्या पैशांवर ज्याची मुले शाळेत जातात, त्याने हे कोणाच्या खात्यावर मांडावे?

‘वाडवडिलांनी कोठे सूक्ष्मदर्शक लावला होता?’ हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. वाडवडिलांना हाती असलेली परीक्षा ठाऊक होती. वृषोत्सर्गाचा पोळ दुभत्या व वासरे जगलेल्या गाईच्या पोटचा असावा, असे विष्णुस्मृती सांगते. त्यांनी आईची कूस पारखली. आपण बीजही पारखावे, यात धर्म कोठे बुडतो? गोठित वीर्याच्या केंद्रांतील वळूंची बीजपरीक्षा आणि रोगपरीक्षा नियमाने होते. मग गावच्या वळूलाच ही सूट कोणी दिली? वळूमार्फत गाईगाईंत पसरणारे, गर्भ पाडणारे रोगही असतात, हे विसरून कसे चालेल?

दोष गाईतही असू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की चौकशी दोघांची व्हावी. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि दूध संस्थेने ज्येष्ठात एक दिवस ठरवावा, पशुवैद्यास पाचारण करावे, गावातील प्रत्येक वळू व रेडा तपासून त्याची नोंद जाहीर लावावी. जो कायमचा नापास ठरेल, त्याचे खच्चीकरण करून त्याला औताला जुंपावे. ती नोंद पाहिल्याशिवाय एकाही गाईला वांझ म्हणून बाजार दाखवू नये. मुक्या जनावराला आपली बाजू मांडता येत नाही. म्हणूनच ती मांडण्याचे कर्तव्य तिच्या धन्याचे आहे.