प्राणवायूच्या नावाने झाडं वाचत नाहीत

पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो. तुळस रात्रीसुद्धा हवा शुद्ध करते. घरात स्नेक प्लांटच्या दोन कुंड्या ठेवल्या की एअर प्युरिफायर घ्यायला नको. झाडं लावा, पाऊस आपोआप येईल. रहिमतपुरात चहाच्या गाड्यावर, स्टेशनावर गाडीची वाट बघताना, जुलैतल्या वृक्षारोपणाच्या भाषणांत ही वाक्यं इतक्या सहजपणे बोलली जातात की त्यांना कुणी हरकत घेत नाही. बोलणाऱ्याला झाडांची माया असते, म्हणून ऐकणारा मान डोलावतो. हे मान डोलावणं आता थांबवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. चुकीच्या कारणाने का होईना, लोक झाडं लावतात ना? मग विज्ञानाचा कीस कशाला काढायचा? दिसायला हा मुद्दा बिनतोड आहे. पण कारण चुकलं की निवड चुकते, जागा चुकते, आणि शेवटी कुऱ्हाड कुठे पडणार तेही त्याच चुकीच्या कारणावरून ठरतं.

आधी पिंपळाचं बघू. पान ऑक्सिजन सोडतं ते उजेडात, कारण तो पाण्याचा रेणू फुटून निघतो आणि त्या कामाला सूर्यप्रकाश लागतो. यान इंगेनहाउझने १७७९ साली हे प्रयोगाने दाखवलं: उजेडात पानं हवा सुधारतात, अंधारात नाही. या नियमाला पिंपळ अपवाद नाही, तुळसही नाही. कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट अशा काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पानांची रंध्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत साठवून ठेवतात, हे खरं. तरीही त्यांचा ऑक्सिजन दिवसाच तयार होतो. रात्री एक वायू घेणं आणि रात्री दुसरा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना त्यांची गल्लत झाली आणि तीच पुढे चालत आली. रात्री झाडाखाली झोपू नये, हे उलट्या बाजूचं भयही तितकंच फोल आहे. झाड रात्री श्वास घेतं, पण उशाशी ठेवलेल्या कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

आता मुख्य मुद्दा, ऑक्सिजनच्या जमाखर्चाचा. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे. हा साठा एवढा अवाढव्य आहे की गावातल्या झाडांच्या कमीजास्त होण्याने त्यात मोजण्याजोगा फरक पडत नाही. झाड दिवसा ऑक्सिजन देतं, रात्रंदिवस स्वतःच्या श्वासासाठी घेतं, आणि त्याची गळलेली पानं कुजताना आणखी खर्च होतो. निव्वळ शिल्लक राहते ती झाडाच्या अंगात जेवढं नवं लाकूड भरलं तेवढ्याच्या हिशोबाने. ते लाकूड जळलं की तीही गेली. २०१९ साली ॲमेझॉनला आगी लागल्या तेव्हा जगाचा २० टक्के ऑक्सिजन तिथून येतो, असं मोठमोठ्या पुढाऱ्यांनी सांगितलं. पण ते जुनं, भरलेलं जंगल जवळपास जेवढं देतं तेवढं स्वतःच वापरून टाकतं. अमेरिकेच्या वनसेवेतल्या डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली लिहिलं की शहरी झाडांचा ऑक्सिजन हा त्यांचा वारंवार सांगितला जाणारा फायदा असला, तरी प्रत्यक्षात तो नगण्य आहे.

हे नुसतं शास्त्राचं भांडण नाही. ऑक्सिजन हीच कसोटी धरली, तर ऐंशी वर्षांचा वड हरतो. त्याची वाढ मंदावलेली, पोकळ झालेल्या फांद्या कुजत असलेल्या. त्याच्या निव्वळ शिल्लकेपेक्षा झपाट्याने वाढणाऱ्या कोवळ्या रोपांच्या पट्ट्याची शिल्लक जास्त निघेल. म्हणजे रस्ता रुंद करणाऱ्याच्या हातात आपणच दाखला दिला: एक वड काढतो, बदल्यात दुसरीकडे शंभर रोपं लावतो, ऑक्सिजन वाढलाच की! वडाच्या बाजूने बोलायला गेलेला माणूस इथे निरुत्तर होतो, कारण त्याने निवडलेलं माप वडाचं नव्हतंच.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत हा गोंधळ जिवावरचा झाला. सिलिंडरसाठी नातेवाईक रात्ररात्र फिरत होते आणि मोबाइलवर उपदेश येत होता की झाडं तोडली म्हणून ऑक्सिजन संपला, आता तरी पिंपळ लावा. हवेतला ऑक्सिजन कणभरही घटला नव्हता. रुग्णाचं फुप्फुस सुजलं होतं, म्हणून त्याला दाट ऑक्सिजन द्यावा लागत होता. तुटवडा होता तो उत्पादनाचा, टँकरचा, सिलिंडरचा. त्यानंतर रुग्णालयांच्या आवारात जे ऑक्सिजन प्लांट उभे राहिले, ते याच हवेतला नायट्रोजन वेगळा काढून चालतात. अपुऱ्या आरोग्यव्यवस्थेचा दोष झाडं तोडणाऱ्यावर ढकलल्याने ना व्यवस्था सुधारली, ना झाडं वाचली.

कुंड्यांची गोष्ट थोडक्यात आटोपते. नासाच्या १९८९ च्या अभ्यासाचा हवाला सगळे देतात. तो हवाबंद पेटीत केलेला होता. दार-खिडक्यांच्या घरात हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने प्रयोग एकत्र करून गणित मांडलं: नुसत्या वायुविजनाची बरोबरी करायलाही दर चौरस मीटर जमिनीला १० ते १००० कुंड्या लागतील. कुंड्या हौसेने जरूर ठेवाव्यात. मात्र हवेसाठी खिडकी उघडावी.

पावसाचं म्हणाल तर आपल्या सातारा जिल्ह्यासारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास. रहिमतपूर या दोहोंच्या मधे. हा फरक झाडांनी केलेला नाही, सह्याद्रीने केला आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगर चढताना रिकामे होतात, पलीकडे पोचतं ते उरलंसुरलं. कासच्या सड्यावर मोठी झाडं जवळजवळ नाहीत, तरी तिथे पाऊस झोडपून काढतो. विस्तीर्ण जंगलं बाष्प हवेत परत देतात आणि पुढच्या पावसाला हातभार लावतात, हे मान्य. पण माणदेशात चार टेकड्यांवर रोपं लावली म्हणून ढग वळणार नाहीत.

या समजुतीपायी नासाडी होते ती माळरानांची. झाड नसलेली जमीन म्हणजे ओसाड जमीन, असं मनात पक्कं बसलेलं असतं. मग कुसळी गवताचा माळ खणायचा, ओळीने खड्डे घ्यायचे आणि जगायला सोपी म्हणून गिरिपुष्पाची रोपं लावायची. त्या माळावर मेंढरं चरत होती, चंडोल जमिनीवर घरटं करत होता, लांडगा आणि खोकड फिरत होते. झाड लावून आपण एक नांदतं घर मोडलं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने वृक्षलागवडीची आकडेवारी २ कोटींवरून ३३ कोटींवर नेली. लावली किती हा आकडा गाजला. कुठे, कोणती आणि कशाच्या जागी, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मग झाड कशासाठी? पहिलं उत्तर, सावलीसाठी. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता उघड्या डांबरावरून चालत येऊन वडाखाली उभं राहिलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. सावलीत जमीन तापतच नाही, आणि वर पानांमधून पाण्याची वाफ होत असते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते ती विजेच्या हिशोबात साधारण ०.६८ युनिट. मोठं झाड मुळाशी पाणी असेल तर दिवसाला शंभर लिटर सहज उडवतं. म्हणजे ६८ युनिट उष्णता आसपासच्या हवेतून काढून घेतली. हे काम सहा फुटी शंभर रोपांना पुढची कित्येक वर्षं जमणार नाही. जुन्या झाडाची खरी बाजू ही आहे, आणि आपण ती मांडतच नाही.

दुसरं उत्तर उंबराच्या फळात आहे. पिकलेलं उंबर फोडलं की आत बारीक किडे वळवळताना दिसतात आणि पोरं ते टाकून देतात. ते किडे म्हणजे उंबराचे परागवाहक. मादी फळाच्या टोकाच्या इवल्याशा भोकातून आत घुसते; वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच मोडतात. आतल्या फुलांवर पराग टाकून, अंडी घालून ती आतच मरते. नव्या पिढीतले नर बिनपंखी. ते बाहेर जायला भोक पाडतात आणि माद्या पराग घेऊन दुसरं उंबर शोधत उडतात. जवळपास दुसरं उंबर फळाच्या नेमक्या अवस्थेत असलं तरच हा वंश टिकतो. वड, पिंपळ, उंबर यांना वेगवेगळ्या वेळी फळं येतात, म्हणून इतर झाडं रिकामी असतानाही तांबट, हरियल, कोकिळा, वटवाघळं यांना खायला मिळतं. एक वड गेला की एवढी साखळी तुटते. गुलमोहराची रांग ती जोडू शकत नाही.

आणि ऑक्सिजनबद्दल बोलायचंच असेल तर मुळांच्या ऑक्सिजनबद्दल बोलू. झाडाची बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि त्यांना श्वासाला हवा लागते. आपल्याकडे रस्ता झाला की काँक्रीट थेट बुंध्याला भिडवतात, वरून पेव्हर ब्लॉक. लिंबाची साल फरशीवर फुगून आलेली, खोडात क्लासच्या पाटीचे खिळे, आणि दोन वर्षांनी पावसात झाड आडवं झालं की म्हणायचं, झाडच कमकुवत होतं. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं. रहिमतपूरच्या नगरपरिषदेला त्यासाठी लवादाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. एका ठरावाने हे होतं, आणि नव्या शंभर रोपांच्या आधी ते व्हायला हवं.

मिरज तालुक्यात भोसे इथल्या जुन्या वडासाठी २०२० साली लोक उभे राहिले तेव्हा राष्ट्रीय महामार्गाच्या आराखड्यात बदल करावा लागला. ‘झाडं वाचवा’ असं मोघम न म्हणता त्यांनी हेच झाड, इथेच, असं म्हटलं. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, तो नगरपरिषदांनाही लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं आणि त्यावरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट आली. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. अशी नोटीस दिसली तर हरकत लेखी द्या. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजून लिहा, दुपारी सावली किती फुटांवर पडते ते लिहा, कोणत्या महिन्यांत फळ धरतं, कोणते पक्षी येतात, खाली कोण बसतं, कुणाची हातगाडी उभी असते ते लिहा. आणि त्या अर्जात ऑक्सिजनचा एक शब्दही घालू नका.