तीन नेमणूकपत्रे आणि एक घर



जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आमच्या नागपूरच्या घरी एक मुलगी आली. मुलगी म्हणतो ते सवयीने. आज ती अडतीस वर्षांची आहे, दोन लेकरांची आई आहे. तिचे वडील रेल्वेत आमच्याबरोबर होते. लेकीला वैमानिक करायचे म्हणून त्यांनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला, तेव्हा वस्तीत पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. त्यात आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो.

मुलगी शिकली, परवाना मिळाला, नोकरीही लागली. एटीआर हे सत्तरेक आसनांचे, पंख्यांचे विमान तिने सहवैमानिक म्हणून चालवले. १,९०० तास तिच्या नोंदवहीत जमा झाले. २०१८ मध्ये दुसरे बाळ झाले, त्याच सुमारास वडील अंथरुणाला खिळले आणि तिने नोकरी सोडली. वर्षाभराने परत जाऊ असा विचार होता. वडील गेले, आणि मग करोना आला. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली प्रवासी विमाने जमिनीवरच होती. नवी भरती कोण करणार? वर्षाची आठ वर्षे झाली.

आता तिने पुन्हा वैद्यकीय तपासणी करून घेतली, अर्ज केले, आणि एक सोडून तीन पत्रे हाती आली. सासूबाईंना सोबत घेऊन ती आमच्याकडे आली ती ही पत्रे दाखवायला. "काका, आमच्या घरात हे कागद वाचून सांगणारं कोणी नाही," ती म्हणाली.

पहिले पत्र एका मोठ्या कंपनीचे. जेट विमान, पगार सर्वांत जास्त, पण बेस दिल्ली. नव्या विमानाचे प्रशिक्षण कंपनी देणार आणि त्याबदल्यात काही वर्षांचा बाँड लिहून घेणार. दुसरे पत्र एका लहान कंपनीचे. विमान तेच, ओळखीचे एटीआर. बेस हैदराबाद. पगार मध्यम. मुलाखतीत साहेब तोंडी म्हणाले, "दोन वर्षांत कॅप्टन व्हाल." तिसरे पत्र विदर्भातल्याच एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे. प्रशिक्षकाचे वेगळे मानांकन घ्यायचे आणि मुलांना शिकवायचे. पगार सर्वांत कमी, पण रोज संध्याकाळी घरी.

आम्ही क्षणाचाही विचार न करता तिसऱ्या पत्रावर बोट ठेवले. घर सांभाळून होईल, लेकरे लहान आहेत, वगैरे जे बोलायचे ते बोललो.

तिने शांतपणे विचारले, "काका, माझ्या जागी माझा भाऊ असता तर त्यालाही हेच सांगितलं असतं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. इतका वेळ गप्प बसलेल्या सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, पोरं मी सांभाळते. तुम्ही कागद तेवढे नीट वाचून द्या." आम्ही चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला बसलो.

त्या दुपारी जे समजले ते इथे मांडतो. विमानाच्याच नव्हे, मधली काही वर्षे घरी राहून कामावर परतणाऱ्या कोणालाही त्यातले पुष्कळ उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वयाची. प्रवासी विमानाचा वैमानिक पासष्टाव्या वर्षापर्यंत काम करू शकतो. म्हणजे तिच्यापुढे सत्तावीस वर्षे आहेत. आम्ही मात्र पुढच्या दोन-तीन वर्षांची अडचण पाहून निर्णय सांगत होतो. धाकटा आज शाळेत जातो, दहा वर्षांनी तो आईची वाट पाहत दारात बसणार नाही.

दुसरी गोष्ट तासांची. कॅप्टन होण्यासाठी वरच्या दर्जाचा परवाना लागतो. त्याला १,५०० तासांचे उड्डाण हवे, ते तिच्याकडे आहे. पण विमानमार्गनिर्धारण, हवामानशास्त्र आणि रेडिओ साहाय्य व उपकरणे या विषयांच्या लेखी परीक्षा तिने दिलेल्या नाहीत. शिवाय हात चालता हवा. प्रवासी घेऊन उडायचे तर मागच्या नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात. आठ वर्षांनंतर सिम्युलेटर आणि चाचणी कुठेही चुकणार नाही. मात्र ओळखीच्या विमानावर ही उजळणी असते, नव्या विमानावर सगळेच पहिल्यापासून.

तिसरी गोष्ट ज्येष्ठतेची. पूर्वीचे तास नोंदवहीत राहतात, पण नव्या कंपनीच्या ज्येष्ठता यादीत नाव तळाशी लागते. मोठ्या कंपनीत ती यादी लांब असते.

चौथी गोष्ट बांधिलकीची. नावडले तर सोडू, असे या धंद्यात सहज होत नाही. २०१७ च्या नियमाने सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर आधी सूचना द्यावी लागते. त्यावर बाँड असेल तर पैशाचा प्रश्न वेगळा. म्हणून बाँडच्या रकमेबरोबर हेही विचारावे: दरवर्षी ती रक्कम कमी होते का? चाचणीत आपण नापास झालो तर? कंपनीनेच काढले तर?

पाचवी गोष्ट विश्रांतीची. जुलै २०२५ पासून वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. पुढे रात्रीच्या कामाचे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, ते वाचकांना आठवत असेल. त्याच गोंधळात, रजा ही साप्ताहिक विश्रांतीत धरू नये ही सूचना महासंचालनालयाने मागे घेतली. तेव्हा ४८ तास वेगळे आणि रजा वेगळी मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. बेस परगावी असेल तर घरी जाण्यायेण्याचा वेळ याच सुटीतून जातो.

सहावी गोष्ट कंपनीच्या भवितव्याची. मोठे नाव म्हणजे कायमची नोकरी, हा आमच्या पिढीचा सरकारी हिशेब. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कंपनी बुडाली तरी नोंदवहीतले तास आणि चालू असलेला परवाना आपलाच राहतो. मग ज्या नोकरीत तास लवकर सुरू होतील तिचे वजन वाढते.

हे सर्व प्रश्न तिने तिन्ही ठिकाणी लिहून पाठवले. मोठ्या कंपनीने कळवले की बेस बदलण्याचे आश्वासन देता येत नाही. लहान कंपनीने "दोन वर्षांत कॅप्टन" हे लिहून दिले नाही. परवाना, ठरलेले तास आणि रिकामी जागा या तीन अटी लिहून दिल्या. पण बाँड फक्त एका वर्षाचा, रजा विश्रांतीपेक्षा वेगळी आणि दरमहा किमान तासांच्या पगाराची हमी, एवढे कागदावर आले. तोंडी गोड शब्दापेक्षा हे अटींचे पत्र आम्हाला बरे वाटले. प्रशिक्षण संस्थेने, पुढे कधी यावेसे वाटले तर या, असे आपुलकीने कळवले.

तिने हैदराबाद निवडले. हैदराबादची गाडी नागपूरला रात्रीत येते, हाही हिशेब त्यात होता. दुसरीला दिल्लीच योग्य वाटली असती, तिसरीला शाळाच. शिकवणे हे काही कमी प्रतीचे काम नव्हे. चूक आमची एवढीच की आम्ही पत्र वाचण्याआधी उत्तर दिले.

मार्चमध्ये तिचा फोन आला. सिम्युलेटरची चाचणी झाली होती. "काका, हातांना सगळं आठवत होतं, तोंडाला नाही. चेकलिस्टचे शब्द पाठ करताना सासूबाई रोज रात्री कागद धरून बसायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मी अडखळले की त्यांना बरोबर कळायचं." ती उत्तीर्ण झाली आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या घरातली लेक, सून किंवा मुलगा मधल्या खंडानंतर कामावर परत जायला निघाला तर सल्ला देण्याची घाई करू नका. आधी कागद मागा. जे तोंडी सांगितले ते लिहून घ्यायला लावा. घरातून कोण काय उचलणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. त्या सासूबाईंनी एका वाक्यात ते ठरवले होते.

तिच्या वडिलांना वेड्यात काढण्यात आम्ही एकदा चुकलो होतो. यंदा तिने वेळीच विचारले, म्हणून दुसऱ्यांदा चुकता चुकता वाचलो.