मज्जा कुणाची, मर्जी कुणाची?

रक्ताच्या कर्करोगावर मूळ पेशींचे रोपण यशस्वी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिच्यात रुग्ण असतो, डॉक्टर असतात, रुग्णालयाचे नाव असते. पेशी कुणी दिल्या? तर ‘बहिणीने’, ‘आईने’, ‘जवळच्या नातेवाईकाने’. एका शब्दात काम संपते. तिला कुणी विचारले, कुणासमोर विचारले, ‘नाही’ म्हणायची सोय होती का, हे कुठेच येत नाही. संमतिपत्रावर सही असते, एवढेच. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी काही वर्षे अशा एका रोपण विभागात काम करते आहे. त्या सहीमागे काय काय घडते, त्याबद्दल मला मैत्रिणींशी बोलायचे आहे.

आधी हा उपचार समजून घेऊ. आपले रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होते. तिथल्या मूळ पेशी म्हणजे रक्ताचे बियाणे. काही रुग्णांत नुसत्या औषधांनी भागत नाही. तेव्हा तीव्र मात्रेची औषधे, कधी किरणोपचारही देऊन रुग्णाची मज्जा रिकामी करतात आणि निरोगी माणसाच्या मूळ पेशी शिरेतून सोडतात. त्या हाडांत जाऊन रुजतात, नवे रक्त तयार करतात आणि उरल्यासुरल्या कर्करोगाशी लढतात. कधी त्याच पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर उलटतातही. देणाऱ्याला पूर्वी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढत. आता बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळ पेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने काही तासांत वेगळ्या करतात. हाडे दुखतात, डोके दुखते, थकवा येतो. गंभीर त्रास क्वचितच होतो. म्हणजे हे दान घाबरण्यासारखे नाही. त्यापासून कुणाला परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न आहे तो निवड कोण करते याचा.

या शास्त्राच्या इतिहासातही कडेला उभी राहिलेली एक बाई आहे. अमेरिकेतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५० च्या दशकात या उपचाराचा पाया घातला. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांच्या पत्नी डॉटी थॉमस यांनी पत्रकारितेचा अभ्यास सोडून प्रयोगशाळेचे तंत्र शिकून घेतले आणि आयुष्यभर या संशोधनाचा डोलारा सांभाळला. जाणकार त्यांना या उपचाराची आई म्हणतात. आपल्याकडे त्यांचे नाव किती जणींनी ऐकले असेल? भारतात असे पहिले रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली तिच्या भावाने. हे मी मुद्दाम सांगते. मुलीसाठी घर उभे राहू शकते, भाऊ देऊ शकतो. तसे घडत नाही तेव्हा त्याचे खापर निसर्गावर फोडता येणार नाही.

पेशी द्यायच्या तर दोघांची जुळणी व्हावी लागते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक. पूर्वी जुळणारे भावंड नसले आणि बाहेरचा दाता मिळाला नाही, की मार्ग खुंटायचा. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळी वाट काढली. रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने आणि स्वस्त औषध दिले, तर अर्ध्या जुळणीवरही रोपण करता येते. २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर ही पद्धत पसरली. आई, वडील, मुलगा, मुलगी यांची जुळणी निदान अर्धी असतेच; भावंडांपैकी चारात तिघांची असते. आपल्यासारख्या देशाला हे वरदानच ठरले. पण त्यामुळे घरातला जवळजवळ प्रत्येकजण देणारा होऊ शकतो, आणि त्यातून कुणाला पुढे करायचे हे घर ठरवू लागते.

वैद्यकशास्त्राचे याबाबत काही ठोकताळे आहेत. दाता तरुण असावा. रुग्ण पुरुष असेल तर बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या पेशी शक्यतो टाळाव्यात, कारण गरोदरपणात तिच्या शरीराने घेतलेल्या प्रतिकाराच्या ओळखीमुळे त्या रुग्णावर उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे आजारी भावासाठी डॉक्टरांची पहिली पसंती बहुधा धाकट्या भावाला असते. घराचे गणित मात्र उलटे चालते. तो कमावता आहे, त्याचे लग्न व्हायचे आहे, त्याच्या हाडांना धक्का नको. बहिणीचे घ्या, ती काय घरीच असते.

असे एक कुटुंब माझ्यासमोर बसले होते. (तपशील बदलले आहेत.) तिशीतला भाऊ आजारी. धाकटा भाऊ आणि विवाहित बहीण, दोघांची जुळणी अर्धी. डॉक्टरांनी धाकट्याचे नाव सुचवले, तर वडील म्हणाले, “ताईचंच घ्या.” तिचा नवरा म्हणाला, “आमची परवानगी आहे.” ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. मी सगळ्यांना बाहेर बसवले आणि तिला विचारले. म्हणाली, “दादासाठी काय बी देईन मी. पन मला कुनी इचारलंच न्हाई.” मग खाली बघत म्हणाली, “आनि ताई, मला दिवस गेलं असलं तर?” तिची पाळी चुकली होती आणि हे ती चारचौघांत बोलू शकत नव्हती. तपासणीत ती गरोदर असल्याचे कळले. ही बातमी कुणाला, केव्हा सांगायची, हे तिचे तिने ठरवायचे होते. घरच्यांना आम्ही एवढेच सांगितले की वैद्यकीय कारणाने तिच्या पेशी घेता येणार नाहीत. धाकट्या भावाने पेशी दिल्या.

गरोदरपणाची तपासणी प्रत्येक ठिकाणी होतेच, त्यामुळे ते कळले असतेच. पण ते सासऱ्यांच्या हातात दिलेल्या कागदावरून कळणे आणि तिला एकटीला कळणे, यात फरक आहे. जुळणीच्या चाचणीतून तर मूल कुणाचे, हा प्रश्नही अचानक उभा राहू शकतो. तो अहवाल कुणासमोर उघडला जातो, यावर एखाद्या बाईचा संसार अवलंबून असतो.

आता दुसरी बाजू पाहू, जिथे आजारी बाईच आहे. देशातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात आला. कर्करोगाचे निदान झालेल्या मुलांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा बरेच जास्त आहे आणि ही तफावत दक्षिणेपेक्षा उत्तरेत मोठी आहे, असे त्यात दिसले. काही कर्करोग मुलग्यांना थोडे जास्त होतात, हे खरे. पण शरीराचा नियम प्रांतागणिक बदलत नाही. काही मुली दवाखान्याच्या पायरीपर्यंतच पोचत नाहीत, असाच याचा अर्थ.

रोपणापर्यंत पोचलेल्या तरुणीचेही सारे सांगून होत नाही. आधीच्या तीव्र औषधांनी बहुतेकींची अंडाशये काम थांबवतात, पाळी अकाली जाते. पुरुषाचे वीर्य एका दिवसात साठवून ठेवता येते. बीजे साठवायला सुमारे दोन आठवडे आणि बराच पैसा लागतो, आणि आजार तेवढा थांबेलच असे नाही. म्हणूनच हे निदानानंतर लगेच सांगायला हवे. “पोरीचं लग्न व्हायचंय, तिच्यापुढे हा विषय नको,” असे आईबाप मला सांगतात. जिचे शरीर आहे तिलाच अंधारात ठेवायचे, आणि त्याला माया म्हणायचे!

कुणी म्हणेल, माणूस मरणाच्या दारात असताना स्त्री-पुरुष कसले काढता? मी उलट विचारते. लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने १९७४ साली आपल्या मुलासाठी अनोळखी दात्यांची नोंदवही सुरू केली. मुलगा १९७९ मध्ये गेला, पण त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे आज जगभरात ४ कोटींहून अधिक दात्यांची नोंद आहे. या अनोळखी दात्याला हक्क काय? त्याची तपासणी वेगळे डॉक्टर करतात, त्याचे नाव गुप्त राहते, तो नकार देऊ शकतो आणि कुणी त्याला जाब विचारत नाही. परक्या माणसाला जो मान मिळतो, तो घरच्या लेकीला का नाही?

म्हणून मागण्या साध्या आहेत. देणारीला एकटीला भेटावे, तिच्या भाषेत सांगावे आणि तिचे डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरांहून वेगळे असावेत. तिचा नकार ‘वैद्यकीय कारण’ म्हणून गुप्त ठेवावा. हे सारे रुग्णाची मज्जा रिकामी करण्यापूर्वी व्हावे, कारण त्यानंतर माघार घेतली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. आजारी मुलीला जननक्षमतेविषयी पहिल्याच आठवड्यात सांगावे. आणि पेशी कुणी दिल्या, कुणाला मिळाल्या, याची बाई-पुरुष अशी वेगळी मोजणी प्रत्येक केंद्राने दरवर्षी जाहीर करावी. मोजल्याशिवाय काही दिसत नाही, हे जनगणनेतल्या मुलींच्या घटत्या आकड्यांनी आपल्याला शिकवले आहे.

आपणही एक करू शकतो. आपल्याकडे नोंदलेले दाते थोडे आहेत, म्हणून सारा भार घरावर आणि घरातल्या बाईवर येतो. चेन्नईत २००९ साली सुरू झालेल्या ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थांकडे गालाच्या आतला कापसाने घेतलेला नमुना देऊन नाव नोंदवता येते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या भावांना, नवऱ्यांना, मुलांना बरोबर आणा. नाव नोंदवायचे की नाही, हे मात्र प्रत्येकाला वेगळे बसवून विचारा.